जंतू गेला तरी शरीर विसरत नाही

मे ते ऑगस्ट या काळात न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स या भागात मुलांकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे, आणि त्यांना बोलावून घेणाऱ्या मुलांसाठीही. लेकीचं किंवा सुनेचं बाळंतपण, नातवंडांच्या सुट्ट्या अशा निमित्ताने आपल्यातली कितीतरी माणसं दर वर्षी तिकडे पाच-सहा महिने काढून येतात. जाताना डिंकाचे लाडू, मेतकूट, बीपीच्या गोळ्या, व्हिजिटर इन्शुरन्सचे कागद असं सगळं आठवणीने घेतलं जातं. तिथल्या गोचिडीबद्दल मात्र कोणी चार शब्द सांगत नाही. मला तिच्यापासून लाइम आजार झाला आणि तो मज्जातंतूंपर्यंत पोचला. तो लवकर ओळखला गेला नाही, कारण माझी रक्ततपासणी झाली होती आणि ती निगेटिव्ह आली होती.

नाशिकच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी नोकरीभर जीवशास्त्र शिकवलं. रोगप्रतिकारशक्तीचं प्रकरण इतक्या वेळा फळ्यावर काढलं, की प्रतिपिंडांची इंग्रजी वाय अक्षरासारखी आकृती झोपेतही काढू शकेन. त्यामुळे आजारपणात डॉक्टरांना नेमकं विचारता आलं आणि त्यांनी सांगितलेलं समजलं. ज्यांना हे शिक्षण मिळालेलं नाही त्यांनाही ते समजलं पाहिजे, कारण या आजारात निदान, उपचार आणि नंतरची फसवणूक, तिन्ही गोष्टी शरीर जंतूला कसं उत्तर देतं यावर अवलंबून असतात.

मुलाचं घर न्यू जर्सीतल्या हंटरडन काउंटीत आहे. मागे लॉन, लॉन संपलं की पाचोळा आणि दाट झाडी. संध्याकाळी हरणं अगदी अंगणापर्यंत येतात. नातीला घेऊन मी त्या कडेकडेने फिरत असे. जूनमध्ये डाव्या गुडघ्याच्या मागे एक डाग उठला. चित्रात दाखवतात तसा लालभडक, भोवती कडं असलेला तो नव्हता. माझ्या सावळ्या कातडीवर तो मुका मार लागल्यासारखा निळसर तपकिरी दिसत होता. दुखत नव्हता, खाजत नव्हता, पण रोज थोडा पसरत तळहाताएवढा झाला. बरोबर बारीक ताप आणि अंगदुखी. मुलाने अर्जंट केअरमध्ये नेलं. तिथे लाइमसाठी रक्त घेतलं, ते निगेटिव्ह आलं, आणि मी कुठेतरी आपटले असेन असं सांगून आम्हाला घरी पाठवलं. ताप उतरला, डागही विरला.

इथे थोडं थांबून या आजाराविषयी सांगते. कनेटिकट राज्यात लाइम नावाचं गाव आहे. १९७५ च्या सुमारास तिथल्या पॉली मरी या आईच्या लक्षात आलं, की आपल्या आणि शेजारच्या मुलांचे गुडघे सुजताहेत आणि डॉक्टर त्याला नुसता संधिवात म्हणताहेत. तिने वह्या भरून नोंदी ठेवल्या आणि राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं. येल विद्यापीठातल्या अ‍ॅलन स्टिअर यांनी त्या भागाचा अभ्यास केला. पुढे विली बर्गडॉर्फर यांना न्यूयॉर्कच्या शेल्टर आयलंडवरून आणलेल्या गोचिडींमध्ये मळसूत्रासारखा एक जिवाणू सापडला. १९८२ मध्ये ते जाहीर झालं आणि जिवाणूला त्यांचं नाव मिळालं: बोरेलिया बर्गडॉर्फेरी. मज्जातंतूंचा त्रास मात्र युरोपातल्या डॉक्टरांनी त्याच्या कितीतरी आधी टिपला होता. गारँ आणि बुजादू या फ्रेंच डॉक्टरांनी १९२२ मध्ये गोचीड चावल्यानंतर होणाऱ्या भयंकर मज्जावेदनांचं वर्णन केलं, आणि १९४१ मध्ये जर्मनीत बानवार्ट यांनी त्याच वेदना आणि चेहऱ्याचा लकवा एकत्र मांडले. एका आईने चिकाटीने लिहिलेल्या वह्यांपासून हा आजार जगाला कळला, याबद्दल मला फार आदर वाटतो. आज अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था सांगते, की तिथे दर वर्षी सुमारे ४,७६,००० लोकांवर लाइमचं निदान करून उपचार होतात.

आता माझ्या निगेटिव्ह तपासणीकडे येते. लाइमची नेहमीची तपासणी रक्तात जंतू शोधत नाही. रक्तात तो इतका कमी आणि इतका थोडा वेळ असतो, की शोधून हाती फारसं लागत नाही. तपासणी शोधते ती आपल्या शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी. ती तयार व्हायला काही आठवडे जातात. डाग दिसत असतो त्या पहिल्या दिवसांत निम्म्याहून अधिक रुग्णांची तपासणी निगेटिव्ह येते. म्हणून तिथल्या तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं आहे, की लाइमच्या प्रदेशात पसरणारा डाग दिसला तर रक्ताची वाट न पाहता डागावरूनच उपचार सुरू करावेत. सावळ्या आणि काळ्या कातडीवर हा डाग ओळखायला कठीण जातो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय रुग्णांचं निदान गोऱ्यांच्या मानाने उशिरा, आजार पुढे गेल्यावर होतं असं अभ्यासांत दिसलं आहे. आपणही त्याच रांगेत आहोत. त्यामुळे डाग दिसला की रोज मोबाइलवर फोटो काढा, शेजारी नाणं ठेवा आणि पेनाने कडेची रेघ आखा. रेघेबाहेर गेलेला डाग डॉक्टरांना दाखवता येतो. मुका मार पसरत जात नाही.

गोचीड चावलेली आठवत नाही म्हणून लाइम नाही, असंही समजू नका. या आजाराची बहुतेक लागण गोचिडीच्या पिलांपासून होते, आणि ते पिलू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. चावताना ते दुखवत नाही, आणि त्याच्या लाळेत कातडीतल्या संरक्षक पेशींना मंद करणारे पदार्थ असतात. त्यातलं सॅल्प-१५ नावाचं प्रथिन तर जिवाणूच्या अंगाला चिकटून त्याला प्रतिपिंडांपासून झाकतं. गोचिडीच्या पोटात असताना जिवाणू एक प्रथिन अंगावर बाळगतो. गरम रक्त पोटात आलं की तो ते टाकून दुसरं घेतो आणि लाळेकडे निघतो. या सगळ्याला वेळ लागतो. गोचीड साधारण २४ तासांच्या आत काढली तर लागण होण्याची शक्यता फार कमी असते, ती यामुळेच.

डाग गेल्यानंतर काही आठवड्यांनी पाठीत दुखू लागलं. डाव्या पात्याखालून बरगडीच्या कडेने पुढे येणारी आग. दिवसा सोसवत असे, रात्री अंथरुणाला पाठ टेकली की असह्य होई. मी खुर्चीत बसून रात्री काढू लागले. कोणी म्हणालं उसण भरली, कोणी म्हणालं नागीण निघणार. पुरळ काही आलं नाही. जुलैच्या अखेरीस एका सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या एका बाजूने खाली गळलं. आरशात पाहिलं तर डावा डोळा मिटत नव्हता, कपाळावर त्या बाजूला आठी पडत नव्हती. नाशिकला फोन केला तर जाऊबाई म्हणाल्या, “तोंडावरून वारं गेलं गं, लगेच दाखव.” हात, पाय, बोलणं ठीक आहे ना, हे मुलाने आधी पाहिलं, आणि आम्ही इस्पितळात गेलो. (हात-पाय लुळे पडले, बोबडं बोलणं झालं, किंवा कपाळावर आठी पडते पण ओठ वाकडे झाले, तर तो मेंदूचा झटका समजून ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी. त्यात तास मोजले जातात.)

तिथे बेल्स पाल्सी, म्हणजे अचानक येणारा चेहऱ्याचा लकवा, असं निदान झालं आणि स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. लाइम असू शकेल का, असं सुनेने विचारलं. उत्तर मिळालं, की जूनमधली तपासणी निगेटिव्ह आहे, त्यामुळे तो प्रश्न संपलेला आहे. तो संपलेला नव्हता. जूनमधला निकाल जूनपुरता होता. शरीराने अजून उत्तर लिहायला घेतलं नव्हतं तेव्हाचा कोरा कागद जुलैच्या अखेरीस पुरावा म्हणून वापरला गेला. सून हट्टाने दुसऱ्या दिवशी मला मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडे घेऊन गेली. त्यांनी पहिला प्रश्न केला, की जून महिन्यात तुम्ही कुठे फिरत होता. दुसरा प्रश्न रात्रीच्या पाठदुखीचा. चेहऱ्याचा लकवा आणि रात्री वाढणारी मज्जावेदना एकत्र आली, तीही न्यू जर्सीत आणि उन्हाळ्यात, तर माझ्या मनात आधी लाइम येतो असं ते म्हणाले. त्यांनी रक्त पुन्हा पाठवलं, स्टेरॉइड थांबवलं, डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू केलं आणि मणक्यातलं पाणी काढायचं ठरवलं.

मणक्यातलं पाणी काढणं म्हटलं की आपल्याकडे घर हादरतं. सुई कमरेच्या खालच्या भागात, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली घालतात. नंतर काही जणांचं डोकं दुखतं, भरपूर पाणी आणि विश्रांतीने ते बहुतेकदा जातं. माझ्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, त्यातही मुख्यतः लिम्फोसाइट, आणि प्रथिनं जास्त होती. त्याच दिवशी घेतलेल्या रक्ताशी पाण्यातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण ताडून पाहिलं. ही तुलना फार महत्त्वाची असते. रक्तातली थोडी प्रतिपिंडं पाण्यात झिरपतातच, पण झिरपण्याच्या हिशोबापेक्षा पाण्यात जास्त सापडली, तर ती तिथेच, मज्जासंस्थेच्या आवरणांच्या आत तयार झाली असं ठरतं. माझ्यात तसं सापडलं.

म्हणजे माझ्या आत घडत काय होतं? जिवाणू मज्जासंस्थेच्या आवरणांपर्यंत पोचला की तिथल्या रक्षक पेशी त्याच्या अंगावरची मेदयुक्त प्रथिनं ओळखतात आणि दाहकारक रेणू सोडू लागतात. त्यातला एक आहे सीएक्ससीएल-१३. तो प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींना बोलावून आणतो. मज्जासंस्थेच्या लाइममध्ये मणक्यातल्या पाण्यात त्याचं प्रमाण खूप वाढलेलं सापडतं आणि प्रतिजैविक सुरू केल्यावर ते झपाट्याने उतरतं. बोलावलेल्या पेशी तिथेच मुक्काम करून प्रतिपिंडं तयार करतात. तिकडे जिवाणू गप्प बसत नाही. तो आपल्या अंगावरचं व्हीएलएस-ई नावाचं प्रथिन सारखं बदलत राहतो, म्हणजे कालची प्रतिपिंडं आज पुरेशी लागू पडत नाहीत. रक्तातली फॅक्टर-एच ही आपलीच प्रथिनं अंगाला लावून तो शरीराच्या दुसऱ्या एका माऱ्यातूनही सुटतो. मारा चालू राहतो, शत्रू निसटत राहतो, आणि या लढाईचा दाह मधल्या नाजूक मज्जामुळांना सोसावा लागतो.

ही केवळ कल्पना नाही. लुइझियानातल्या टुलेन विद्यापीठाच्या केंद्रात मारियो फिलिप आणि सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडांच्या मणक्यातल्या पाण्यात हा जिवाणू सोडला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काही माकडांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं होतं, काहींना साधं सूज उतरवणारं औषध, काहींना काहीच नाही. स्टेरॉइड दिलेल्या माकडांत दाहकारक रेणू वाढले नाहीत आणि मज्जापेशींची हानीही टळली, बाकीच्यांत ती दिसली. म्हणजे इजेचा मोठा वाटा जिवाणूच्या दाताचा नसून आपल्याच प्रतिकाराच्या दाहाचा आहे.

मग स्टेरॉइड थांबवलं कशाला, असा प्रश्न मलाही पडला आणि मी तो डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, की दाह दाबला तरी जिवाणू जिवंत असतो, आणि प्रयोगशाळेतलं माकड काही आठवडे पाहणं वेगळं, माणसाचा चेहरा वर्षभर पाहणं वेगळं. बॉस्टनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लाइमच्या लकव्यात प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड मिळालेल्या रुग्णांचे चेहरे, फक्त प्रतिजैविक मिळालेल्यांपेक्षा कमी सुधारलेले आढळले. अभ्यास लहान होता, जुन्या नोंदींवरून केलेला होता, आणि २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी या प्रश्नावर बाजू घेतलेली नाही. लाइमची काहीच खूण नसलेल्या प्रौढाच्या लकव्याला मात्र पहिल्या ७२ तासांत स्टेरॉइड देणं हाच योग्य उपचार आहे, हेही त्याच सूचनांत आहे. त्यामुळे स्वतःहून गोळ्या बंद करू नका. डॉक्टरांना एवढंच ठामपणे विचारा: मी लाइमच्या प्रदेशात उन्हाळा काढला आहे, या लकव्याला प्रतिजैविक लागेल का?

उपचार साधा होता. मज्जामुळं, मेंदूची आवरणं आणि चेहऱ्याची नस एवढ्यावरच आजार असेल तर तोंडाने घ्यायचं डॉक्सिसायक्लिन सलाइनमधून दिलेल्या सेफ्ट्रायक्सोनइतकंच काम करतं. नॉर्वेतल्या २००८ च्या चाचणीत ते नीट तपासलं गेलं. कालावधी १४ ते २१ दिवस. मेंदूत किंवा मज्जारज्जूतच आजार शिरला असेल तर शिरेतून औषध द्यावं लागतं. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर बसून घ्यायचं, लगेच आडवं व्हायचं नाही, दूध, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या त्याच्यापासून लांबच्या वेळी घ्यायच्या, आणि उन्हात जायचं नाही. पहिल्या रात्री मला हुडहुडी भरली, वेदना वाढल्या. औषधच लागू पडत नाही की काय, असं माझ्या यजमानांना वाटलं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की भराभर मरणाऱ्या जिवाणूंच्या अवशेषांवर शरीर उसळून येतं. हे काही रुग्णांत होतं आणि साधारण एका दिवसात ओसरतं. तसंच झालं. नंतर पाठीची आग लवकर कमी झाली. चेहरा सरळ व्हायला पुढे काही महिने गेले. तोवर डोळा जपणं हे सर्वांत मोठं काम. दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणी मिटवून वर कागदी चिकटपट्टी. मिटत नसलेला डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम झाली तर ती लकवा गेल्यावरही राहते.

अवघड भाग त्यानंतरचा. दिवाळीआधी नाशिकला परतले. नस बरी झाली होती, पण थकवा जात नव्हता. वर्तमानपत्राचा एक रकाना वाचला की डोकं जड व्हायचं, ओळखीच्या विद्यार्थ्यांची नावं आठवायची नाहीत. उपचार पुरे झालेल्यांपैकी ५ ते १० टक्के रुग्णांत असा त्रास महिनोन्‌महिने राहतो. कारण काय, याचा शोध चालू आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एका छोट्या अभ्यासात अशा रुग्णांच्या मेंदूत रक्षक पेशी जाग्या असल्याची चिन्हं स्कॅनमध्ये दिसली. ब्रँडन जुट्रास यांच्या गटाला लाइमच्या संधिवातात सांध्यातल्या पाण्यात जिवाणूच्या भिंतीचे तुकडे सापडले, जिवाणू मेल्यावरही. प्रतिकार चालू राहण्यासाठी जिवंत शत्रूच लागतो असं नाही, एवढं यावरून समजायला हरकत नाही.

याच काळात कुणाच्या तरी सांगण्यावरून एका दवाखान्यात पुन्हा रक्त तपासलं. पॉझिटिव्ह आलं. लगेच सांगण्यात आलं, की जंतू अजून आत आहे, तीन महिने सलाइनमधून इंजेक्शनं घ्या. खर्चाचा आकडा ऐकून यजमान गप्पच झाले. मी न्यू जर्सीतल्या डॉक्टरांशी बोलले आणि त्यांनी जे सांगितलं ते मी स्वतः वर्गात शिकवत आले होते: आयजीजी प्रतिपिंडं ही शरीराची आठवण असते. लाइम बरा झाल्यावर दहा-वीस वर्षांनीही ती रक्तात सापडू शकतात, कधी कधी आयजीएम ही सुरुवातीला तयार होणारी प्रतिपिंडंसुद्धा. त्यामुळे जंतू गेला का, हे ही तपासणी पुन्हा पुन्हा करून कळत नाही, आणि बरं वाटत असताना ती करण्यात काही अर्थ नसतो. लांबलचक प्रतिजैविकांचा प्रश्न तर चाचण्यांनी तपासलेला आहे. अमेरिकेत २००१ मध्ये आणि नेदरलँड्समध्ये २०१६ मध्ये अशा रुग्णांना महिनोन्‌महिने औषध देऊन पाहिलं, आणि औषध नसलेल्या गोळ्या घेतलेल्यांपेक्षा ते बरे झाले नाहीत. उलट शिरेत महिनोन्‌महिने नळी ठेवली की तिच्यातून दुसरेच जंतू रक्तात शिरतात. अशा उपचारांनंतर जीवघेणे संसर्ग झालेल्या पाच रुग्णांच्या हकीकती सीडीसीने २०१७ मध्ये छापल्या. मी इंजेक्शनं घेतली नाहीत. झोपेची वेळ सांभाळली, चालणं हळूहळू वाढवलं, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घेतलं. वर्ष सरता सरता वाचन पुन्हा जमू लागलं.

रेंगाळणारा त्रास हा मनाचा खेळ आहे, असं म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे. तो त्रास खरा असतो. पण त्रास खरा आहे म्हणून त्यावर विकला जाणारा प्रत्येक उपाय खरा ठरत नाही. थकलेल्या माणसाच्या आशेवर महागडी पॅकेजं विकणाऱ्यांवर त्याहून जास्त राग आहे.

तिकडे असताना काय करावं? झाडीच्या आणि पाचोळ्याच्या कडेला जाताना पूर्ण पँट घाला, पायमोज्यांत खोचा. कपड्यांवर परमेथ्रिन हे गोचीडनाशक मारा, कातडीवर डीट किंवा पिकारिडिन हे गोचीड दूर ठेवणारं औषध लावा. साडीत बागकाम करणाऱ्या बायकांना विशेष सांगते, साडीखाली लेगिंग घाला. घरी आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर १० मिनिटं फिरवा, गोचीड साध्या धुण्याने मरत नाही, कोरड्या उष्णतेने मरते. दोन तासांच्या आत आंघोळ करा आणि गुडघ्यामागे, जांघेत, बेंबीत, काखेत, कमरपट्ट्याखाली, कानामागे आणि केसांच्या कडेला पाहा. वयस्कर माणसाला स्वतःच्या गुडघ्यामागे दिसत नाही, दुसऱ्याने पाहावं, त्यात संकोच नको. गोचीड सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. आपल्याकडे गुरांना लावतात तसं रॉकेल, तंबाखूचं पाणी किंवा पेटती काडी लावू नका. लाइम पसरवणारी काळ्या पायांची गोचीड ३६ तास किंवा अधिक चिकटून होती असं वाटलं, तर ती काढल्यापासून ७२ तासांत डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस लागण टाळू शकतो. त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, गोचीड चिकटपट्टीवर लावून ठेवा. चक्कर, धडधड किंवा दम लागणं सुरू झालं तर ईसीजी काढून घ्या, हा आजार हृदयाचे ठोकेही मंद करतो. एकदा झाला म्हणजे पुन्हा होत नाही असं नाही. प्रतिपिंडं असूनही दुसऱ्या चाव्यातून दुसरी लागण होते. लसीची वाट पाहून सावधगिरी सोडू नका. १९९८ मध्ये मान्यता मिळालेली लस २००२ मध्ये कंपनीने बाजारातून मागे घेतली.

महाराष्ट्रात राहूनच ज्यांना थकवा, अंगदुखी आहे त्यांनी लाइमची तपासणी करून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या गुरांच्या अंगावरची गोचीड हा आजार पसरवत नाही. दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरी भागात गोचिडीतून येणारा माकडताप हा विषाणूचा, पूर्ण वेगळा आजार आहे. ज्याला लाइम होण्याची शक्यताच नाही, त्याची तपासणी पॉझिटिव्ह आली तर ती बहुधा खोटी असते आणि नसत्या औषधांचा रस्ता उघडते.

उलट, तिकडून आलेल्यांनी हा आजार लक्षात ठेवायला हवा. चावा जूनमधला, विमान जुलैचं आणि लकवा ऑगस्टमध्ये पुण्यात किंवा नागपुरात, असं सहज होऊ शकतं. इथल्या डॉक्टरांना लाइम आठवण्याचं कारण नसतं, आणि तुम्ही सांगितलं नाही तर त्यांना तुमचा प्रवास कळणार नाही. म्हणून परत आल्यावर सहा महिन्यांच्या आत तोंड वाकडं झालं, रात्री वाढणारी पाठीतली किंवा बरगडीतली आग सुरू झाली, मान आखडून डोकं दुखू लागलं, तर तपासायच्या खोलीत शिरताच पहिलं वाक्य हेच बोला: डॉक्टर, मी उन्हाळ्यात अमेरिकेच्या ईशान्य भागात होते, तिथे गोचिडी असतात. डागाचे फोटो असतील तर दाखवा, तिथल्या तपासणीचा कागद असेल तर तो कोणत्या तारखेचा आहे ते सांगा, आणि तो पहिल्या आठवड्यांतला असेल तर रक्त पुन्हा तपासायला लावा.